मंगरूळ नांवाचीं गांवें व त्यांतील मंगरूळपीर

वऱ्हाडांतील जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणारांस मंगरूळ हें ग्रामनाम वारंवार भेटतें, आणि बहुतेक वेळां तें कोणत्याही उपपदावांचून भेटतें. सनदा, महजर, निवाडपत्रें, पोथ्यांच्या अखेरच्या पुष्पिका, यांत लिहिणारा "मंगरूळ" एवढेंच लिहून पुढें जातो. कारण ज्यांच्यासाठीं तो लिहीत होता त्यांस कोणतें मंगरूळ हें सांगण्याची गरज नव्हती. आपणांस ती आहे. वाशीम जिल्ह्यांत मंगरूळपीर आहे. अमरावती जिल्ह्यांत मंगरूळ दस्तगीर व मंगरूळ चव्हाळा अशीं दोन आहेत. बुलढाणा जिल्ह्यांत चिखलीच्या बाजूस मंगरूळ नवघरे आहे. वऱ्हाड सोडून दक्षिणेस गेलें तर तुळजापूर तालुक्यांतही एक मंगरूळ आहे. ही यादी पूर्ण नव्हे, परंतु घोटाळा होण्यास इतकी पुरे.

हा प्रश्न केवळ पत्त्याचा नाहीं. एखादी इनामाची सनद भलत्या मंगरुळास चिकटली म्हणजे एका गांवच्या देवस्थानाचा वृत्तांत दुसऱ्या गांवाच्या खात्यावर जमा होतो, एका वतनदार घराण्याचा पुरुष दुसऱ्याच्या वंशावळींत शिरतो, आणि तें एकदां छापलें गेलें कीं पुढचा लेखक मूळ कागद न पाहतां छापील पानाचा हवाला देतो. मोठ्या राजधान्यांचें यानें फारसें बिघडत नाहीं. त्यांचीं साधनें विपुल असतात. लहान कसब्याजवळ मुळांत चार-दोन कागद असावयाचे. त्यांतील एक गेला तर त्याच्या इतिहासाचा चवथा हिस्सा गेला. म्हणून मंगरूळपीर हें गांव मध्यें ठेवून या नांवाची व्युत्पत्ति, "पीर" या उपपदाचा अर्थ, आणि हातांतला कागद कोणत्या मंगरुळाचा हें ठरविण्याचीं साधनें यांचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

मंगरूळपीर हें दोन नामांकित शेजाऱ्यांच्या मधोमध आहे. नैर्ऋत्येस वाशीम, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. ईशान्येस कारंजा, जेथील जैन मंदिरांतील ग्रंथभांडारें विद्वानांस परिचित आहेत. या दोघांमुळें मधल्या कसब्याकडे लक्ष कमी गेलें. परंतु याच दोन शेजाऱ्यांच्या साधनांनीं मंगरूळपिराचा विचार कसा करावा हें चांगलें शिकविलें आहे. तें पुढें येईल.

प्रथम नांवाचा विचार करूं. मंगरूळ या रूपांतून मूळ शब्द सहजीं दिसत नाहीं. मंगळूर असें म्हटलें कीं दिसतो. मंगल आणि पुर यांच्या समासांत उत्तरपदाच्या आरंभींचा प दोन स्वरांमध्यें सांपडून प्राकृतांत लोपतो. हस्तिनापुराचें हत्थिणाउर असें रूप जैन प्राकृत ग्रंथांत सर्वत्र आढळतें, तें याच नियमानें. मंगलपुर, मंगलउर, मंगलूर अशी ही वाट आहे. पुढें दोन स्वरांमधील ल मराठींत ळ होतो, जसें कमल–कमळ, मंगल–मंगळ, म्हणजे मंगळूर. येथून ळ आणि र यांनीं जागा बदलल्या म्हणजे मंगरूळ सिद्ध होतें.

ही जागांची अदलाबदल ओढूनताणून आणलेली आहे असें कोणास वाटेल. पण ती व्याकरणकारांस चांगली ठाऊक होती. बाराव्या शतकांतील हेमचंद्रानें आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायांत अशा शब्दांचा एक लहानसा गटच दिला आहे. वाराणसी शब्दांत र व ण यांचा व्यत्यय होऊन वाणारसी होतें, व त्यापासूनच बनारस. अचलपुर शब्दांत च व ल यांचा व्यत्यय होऊन अलचपुर होतें. महाराष्ट्र शब्दांत ह व र यांचा व्यत्यय होऊन मरहट्ठ होतें. आणि हरिताल शब्दांत र व ल यांचा व्यत्यय विकल्पानें होतो. या शेवटल्या उदाहरणांतील वर्ण आपल्या मंगरुळांतीलच आहेत. अचलपुराचें उदाहरण तर वऱ्हाडच्या माणसास घरचें वाटावें, कारण एलिचपूर या पुष्कळ काळ चाललेल्या रूपाचें बीज त्यांत आहे. आजही खेड्यांतील बोलण्यांत मतलबाचें मतबल आणि नुकसानाचें नुस्कान होतें. तेथें कोणी हेमचंद्र वाचून बोलत नाहीं.

याहून बलवत्तर पुरावा सौराष्ट्रांत आहे. तेथील समुद्रकांठच्या मांगरोळ या गांवाचें संस्कृत लेखनांतील रूप मंगलपुर असें आहे. म्हणजे तेथेंही मंगलपुरापासून निघालेल्या शब्दांत ल आणि र यांनीं जागा बदलल्या, व अखेरीस ळ येऊन बसला. उलट कर्नाटकांतील मंगळूर या नांवांत ही अदलाबदल झाली नाहीं. एकाच जातीचीं नांवें, एका ठिकाणीं वर्ण फिरले, दुसऱ्या ठिकाणीं फिरले नाहींत.

येथें एक आक्षेप येईल तो योग्य आहे. ग्रामनामांच्या शेवटीं येणारा "ऊर" हा नेहमींच पुर शब्दाचा अवशेष असतो असें नाहीं; कानडींत ऊरु म्हणजे गांव. लातूर हें नांव जुन्या लत्तलूर या रूपापासून आलें, व राष्ट्रकूट राजे आपणांस त्या लत्तलूरचे स्वामी म्हणवीत. महाराष्ट्रांतील ग्रामनामांत कानडीचा अंश किती, यावर शं. बा. जोशी यांनीं १९५२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत पुष्कळ लिहिलें आहे. त्यापूर्वीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ग्रामनामांच्या व्युत्पत्तीकडे इतिहासाचें साधन म्हणून पाहण्यास शिकविलें होतें. त्यांच्या कांहीं व्युत्पत्ति धाडसाच्या आहेत, पण वाट त्यांनीं घालून दिली हें खरें. मंगरुळाविषयीं माझा कल मंगलपुराकडे आहे, तो मांगरोळाच्या आधारानें. कारण सौराष्ट्रांत कानडीचा संबंध लावणें कठीण. तथापि कोणतीही बाजू घेतली तरी संग्राहकाच्या कामांत फरक पडत नाहीं. त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं मंगरूळ, मंगळूर, मंगलूर आणि मंगलपुर हीं चारही रूपें एकाच गांवासाठीं लिहिलेलीं असूं शकतात, व सूची करतांना चारही ठिकाणीं पाहिलें पाहिजे.

व्युत्पत्तीवर याहून अधिक भार मात्र टाकूं नये. शेजारच्या वाशीमचेंच पहा. वत्सगुल्म या नांवाचे तीन अर्थ तीन ठिकाणीं सांगितलेले आहेत. स्थलमाहात्म्याप्रमाणें वत्स ऋषीच्या तपासाठीं देवांचा समुदाय, म्हणजे गुल्म, येथें जमला. कामसूत्रावरील जयमंगला टीकेप्रमाणें वत्स व गुल्म हे दोघे राजपुत्र होते व त्यांच्या वस्तीवरून देशास नांव पडलें. महाभारताच्या वनपर्वांत वंशगुल्म नांवाचें एक तीर्थ आहे, परंतु तें शोण व नर्मदा यांच्या उगमाशीं सांगितलें असल्यामुळें तें वाशीम नव्हे. तरी नामसादृश्यानें दोहोंची सांगड घातली जाते. नांव आधीं आणि कथा मागाहून, हा क्रम अशा ठिकाणीं बहुधा असतो. वाशीमच्या बाबतींत राजशेखरानें कर्पूरमंजरींत वैदर्भी रीतीस वच्छोमी म्हटलें आहे, हें नामरूप मात्र खऱ्या उपयोगाचें. कारण तेथें वत्सगुल्माचें प्राकृत उच्चारण कसें होतें तें कळतें आणि वाशीम या आजच्या रूपापर्यंतची एक पायरी हातीं लागते.

आतां पीर या उपपदाकडे वळूं. मंगरूळपीर येथें दादा हयात कलंदर यांचा दर्गा आहे. कलंदर हें व्यक्तीचें कुलनाम नव्हे. घरदार व लोकाचार सोडून फिरणाऱ्या फकिरांच्या एका पंथाचें तें नांव आहे. या दर्ग्यावरून गांवास पीर हें उपपद लागलें, आणि त्याचें काम इतर मंगरुळांपासून हें मंगरूळ वेगळें दाखविणें. यावरून एक अनुमान निघतें व एक निघत नाहीं. ज्या कागदांत "मंगरूळपीर" असें स्पष्ट आहे तो दर्ग्याची ख्याति झाल्यानंतरचा, हें अनुमान बरोबर. परंतु ज्यांत पीर शब्द नाहीं तो त्यापूर्वींचा, हें अनुमान चूक. इंग्रजी अमदानींतील सरकारी लिखाणांत या तालुक्याचें नांव नुसतें मंगरूळ असें येतें, आणि तेव्हां दर्गा तर होताच.

दुसरा घोटाळा मंगरूळ दस्तगीरामुळें होण्यासारखा आहे. दस्तगीर, म्हणजे हात धरणारा, ही बगदादचे शेख अब्दुल कादिर जिलानी यांची प्रसिद्ध पदवी. लोकांच्या बोलण्यांत "पीर दस्तगीर" असा जोडशब्दच रूढ आहे. तेव्हां दोन मंगरुळांची उपपदें एकाच जातीचीं असून एक ऐकलें कीं दुसरें जिभेवर येतें. नकलकारानें ऐकीव माहितीवर उपपद पदरचें घातलें असेल, तर मूळ कागदांत तें होतें काय हें पाहिल्यावांचून त्यावर विश्वास ठेवूं नये. मागाहून निराळ्या शाईनें किंवा निराळ्या वळणानें लिहिलेलें उपपद म्हणजे पुरावा नव्हे. तें कोणा एका वाचकाचें मत आहे.

उपपद गांवाचा सगळा वारसाही सांगत नाहीं. याच मंगरूळपिरांत बिरबलनाथ महाराजांचें स्थान आहे, तेथें यात्रा भरते, व पंचक्रोशींतील लोकांच्या मनांत गांवाची ओळख दर्ग्याइतकीच या नाथस्थानानेंही झालेली आहे. नाथपंथी स्थानांच्या गुरुपरंपरा बहुधा तोंडी चालतात. कागदावर येतात त्या जमिनीच्या, दिवाबत्तीच्या किंवा यात्रेच्या हक्काच्या निमित्तानें. दर्ग्याच्या मुजावरांकडे फारसी, नाथस्थानाच्या पुजाऱ्यांकडे मोडी, अशी वांटणी धरून चालूं नये. वऱ्हाडांत निजामशाही अंमल दीर्घकाळ असल्यानें हिंदु देवस्थानांचे कागद फारसींत व दर्ग्यांचे मोडींत सांपडणें यांत नवल कांहींच नाहीं. एक भाषा जाणणारानें दुसऱ्या भाषेचें दप्तर न उघडतां परत जाणें ही या प्रांतांतील शोधाची मोठी उणीव आहे.

उपपदें बदलतातही. कारंजास आज आपण कारंजा लाड म्हणतों, तें लाड ज्ञातीच्या वस्तीवरून. जुन्या महसुली लिखाणांत त्याच गांवाचा उल्लेख कारंजा बीबी असा येतो. वर्धा जिल्ह्यांत आणखी एक कारंजा आहे, त्याला घाडगे हें उपपद. बीबी, लाड, घाडगे यांतील कोणतें लागलें आहे हें न पाहतां "कारंजा" एवढ्यावर पोथी किंवा सनद नोंदविली, तर मंगरुळासारखीच गत व्हावयाची.

नांव व उपपद यांनीं काम भागत नसल्यामुळें तिसरें, आणि माझ्या मतें सर्वांत भरंवशाचें साधन घ्यावें लागतें. तें म्हणजे मुलखाची विभागणी. वऱ्हाड मोगलांकडे १५९६ मध्यें आलें. आईन-इ-अकबरींत त्या सुभ्याचीं सरकारें व परगणे दिलेले आहेत. त्यांत सरकार वाशीमच्या आठ परगण्यांपैकीं एक मंगलूर आहे. वाशीमच्या सरकारांतील मंगलूर म्हणजे आपलें मंगरूळपीर, याविषयीं शंका नको. फारसींत ळ नाहीं, म्हणून ल. परंतु ल आधीं व र नंतर हा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे, कारण तो व्यत्ययापूर्वींचें रूप दाखवितो. यावरून सोळाव्या शतकाच्या शेवटीं लोक मंगळूर म्हणत असें सिद्ध झालें असें मात्र मी म्हणणार नाहीं. दफ्तरांतील मुनशास सोरठचें व दक्षिणेचें मंगलूर ठाऊक असावयाचें, व परिचित नांवाच्या वळणावर अपरिचित नांव लिहिणें ही सर्व काळच्या लेखनिकांची खोड आहे. शिवाय घसटत्या फारसी अक्षरांत नुक्ते गाळले जातात, गाफाच्या माथ्यावरील दुसरी रेघ राहते व ग चा क होतो. मंकलूर असें वाचणारानें दचकूं नये. मोडींत अडचण निराळी आहे. तेथें ह्रस्व-दीर्घाचा भेद नाहीं व अनुस्वार पुष्कळदां गळतो, त्यामुळें मगरुळ असें लिहिलेलें दिसलें तर तें निराळें गांव समजूं नये.

वऱ्हाडाचे घाटावरून दोन भाग पडतात. वरचा तो बालाघाट, खालचा पूर्णेच्या खोऱ्याकडील तो पायनघाट. मंगरूळपीर बालाघाटांत आहे. मंगरूळ दस्तगीर व मंगरूळ चव्हाळा घाटाखालीं आहेत. कागदांत बालाघाट शब्द आला कीं हीं दोन्ही बाद झालीं. राहिलें मंगरूळ नवघरे. तें घाटावरच आहे, पण सरकार वाशीमच्या मुलखांत नाहीं. त्यांतही "कसबे" आणि "मौजे" यांचा भेद उपयोगी पडतो. परगण्याच्या मुख्य गांवास कसबे म्हणत, इतर गांवांस मौजे. सरकार वाशीमच्या संबंधांत "कसबे मंगरूळ" किंवा "परगणे मंगरूळ" असे शब्द असतील तर तें मंगरूळपीर होय. "मौजे मंगरूळ, परगणे अमुक" असें असेल तर तो अमुक परगणा कोणता, हें पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.

पुढील राज्यांतरांचें वर्णन सविस्तर करण्याचें कारण नाहीं; परंतु त्यांचे सन ध्यानांत नसतील तर कागद शोधावा कोठें हें कळत नाहीं. १७२४ मध्यें साखरखेर्ड्याच्या लढाईंत मुबारिजखान पडला व वऱ्हाड निजामुल्मुल्काच्या हातीं गेलें. त्यावर नागपूरकर भोसल्यांचे हक्क बसले आणि पुष्कळ ठिकाणीं वसुलाची दोअंमली चालली. १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील भोसल्यांचे बहुतेक हक्क सुटून निजामाकडे गेले. १८५३ मध्यें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं दिलें. १९०३ मध्यें तें मध्यप्रांतास जोडलें गेलें. मंगरूळ तालुका वाशीम जिल्ह्यांत होता. १९०५ मध्यें तो जिल्हा मोडला व तालुका अकोला जिल्ह्यांत गेला. १९५६ मध्यें मुंबई राज्य, १९६० मध्यें महाराष्ट्र, आणि १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा पुन्हां निर्माण होऊन मंगरूळपीर त्यांत आलें. म्हणजे "जिल्हा वाशीम, तालुका मंगरूळ" हा मजकूर १९०५ पूर्वींचा असूं शकतो किंवा १९९८ नंतरचा. मधल्या ९३ वर्षांचा नव्हे. तालुक्याची हद्दही तीच राहिली नाहीं. बंजारा समाजाचें तीर्थ पोहरादेवी, जेथें संत सेवालाल महाराजांची समाधि आहे, तें पूर्वीं मंगरूळ तालुक्यांत पडे. मानोरा तालुका वेगळा झाल्यावर तें त्यांत गेलें. या फेरांमुळें एकाच गांवाचे कागद अकोल्यास, नागपुरास आणि हैदराबादेस विखुरलेले आहेत. हैदराबादच्या राज्य अभिलेखागारांत शहाजहान व औरंगजेब यांच्या कारकीर्दींतील दख्खनचे मोगली कागद हजारोंनीं आहेत, व वऱ्हाडावर लिहिणारानें त्यांकडे पाठ फिरवूं नये.

कालगणनेची एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. या प्रांतांतील कागदांत शक, शुहूर, हिजरी व फसली असे चार सन येतात, आणि फसलींतही दोन प्रकार आहेत. दख्खनी फसलींत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. उत्तरेकडील फसलींत ५९२ मिळवावे लागतात. शुहूर सनास ५९९ लागतात. समजा, भोसल्यांच्या कमाविसदाराचा एक कागद आहे व त्यावर फसली १२१३ आहे. दख्खनी गणनेनें तो १८०३–०४ चा, म्हणजे देवगांवच्या तहाच्या ऐन वर्षाचा. उत्तरेच्या गणनेनें तो १८०५ चा ठरतो, आणि तह होऊन गेल्यावरही भोसल्यांचा अंमलदार वसूल करीत होता असा विपरीत सिद्धांत निघतो. सनाचा प्रकार न लिहितां नुसता आंकडा उतरून घेणाऱ्या नकला यासाठींच निरुपयोगी होतात. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळें त्यास अशी एकच संख्या मिळवून चालत नाहीं; तेथें कोष्टक पाहणेंच बरें.

एका कागदानें किती उलथापालथ होते, याचें उत्तम उदाहरण शेजारींच आहे. १९३९ मध्यें वाशीम येथील एका गृहस्थाजवळ वाकाटक विंध्यशक्ति दुसरा याचा ताम्रपट उजेडांत आला. तो वत्सगुल्माहून, राजाच्या राज्यवर्ष ३७ मध्यें दिलेला असून नांदिकट मार्गांतील आकासपद्द नांवाचें गांव अथर्ववेदी ब्राह्मणांस दिल्याचें त्यांत आहे. वंशवर्णन संस्कृतांत व दानाचा व्यवहार प्राकृतांत, असें त्याचें दुहेरी रूप आहे. त्यापूर्वीं प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन व त्यापासून निघालेली वत्सगुल्माची शाखा यांची स्पष्ट कल्पना कोणासही नव्हती. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांतील वराहदेवाचा लेख पुष्कळ आधीं छापला गेला होता. पण त्यांतील झिजलेलीं राजनामें नंदिवर्धनाकडील शाखेच्या राजांचीं समजून वाचलीं गेलीं होतीं. ताम्रपट मिळाल्यावर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तीं पुन्हां पाहिलीं, व सर्वसेन, विंध्यसेन हीं नांवें जागेवर बसलीं. हरिविजय या प्राकृत काव्याचा कर्ता म्हणून आनंदवर्धनास ठाऊक असलेला सर्वसेन हाच, हेंही त्यानंतर म्हणतां आलें. एका घरांत ठेवलेल्या तांब्याच्या पत्र्यांनीं लेण्याच्या भिंतीवरील अक्षरें सुधारलीं.

या ताम्रपटांत आपल्या विषयास लागू पडणारें आणखी एक आहे. पट सांपडला वाशीमला. दान दिलेलें गांव दक्षिणेस. नांदिकट म्हणजे नांदेड असें मानतात. ताम्रपट हा दान घेणाराचा मालकीचा दस्तऐवज. घराणें जेथें जाईल तेथें तो जातो. म्हणून कागद किंवा पट जेथें मिळाला तेथलाच तो आहे असें धरणें हें मंगरुळाच्या बाबतींत विशेष घातक. मंगरूळ दस्तगीराच्या एखाद्या घराण्याची लेक मंगरूळपिरांत दिली असेल, दप्तर वांटणींत आलें असेल, नोकरीच्या निमित्तानें कोणी स्थलांतर केलें असेल. कोणाकडून मिळाला, त्याच्याकडे कोठून आला, हें त्याच दिवशीं लिहून ठेविलें नाहीं तर पुढें कोणासही सांगतां येत नाहीं.

शिलालेखाचें तसें नसतें. तो बहुधा जागा सोडीत नाहीं. वाशीमजवळच्या हिस्से बोराळा या लहानशा खेड्यांत देवसेन वाकाटकाच्या काळचा लेख मिळाला, त्यांत शक ३८०, म्हणजे इसवी सन ४५८, असा काळ दिला असून स्वामिल्लदेव नांवाच्या राजसेवकानें सुदर्शन नांवाचें सरोवर केल्याचें नमूद आहे. वाकाटक राजे आपल्या लेखांत राज्यवर्षें घालीत. शकांतला काळ देणारा हा लेख म्हणूनच फार मोलाचा. ज्या खेड्याचें नांव तालुक्याबाहेर कोणी घेत नव्हतें त्याच्या तळ्याकांठीं ही सांपत्ति होती. मंगरूळपिराच्या आसपास जुनीं तळीं, बारवा, बांधीव पाण्याच्या जागा जेथें जेथें आहेत तेथील शिळा पावसाळ्यापूर्वीं, पाणी आटलें असतां, एकदां डोळ्यांखालून घालण्यासारख्या आहेत.

कारंजाचा धडा पोथ्यांचा आहे. तेथील सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ यांच्या मंदिरांतील भांडारांची नोंद रायबहादुर हिरालाल यांनीं १९२६ मध्यें नागपुरास छापलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचींत घेतली. त्यानंतर पुष्पदंताचें जसहरचरिउ प. ल. वैद्य यांनीं १९३१ मध्यें, आणि णायकुमारचरिउ, करकंडचरिउ वगैरे ग्रंथ प्रा. हीरालाल जैन यांनीं पुढील दोन-तीन वर्षांत संपादून कारंजाच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध केले. अपभ्रंश भाषेचें हें धन तेथें होतेंच; सूची झाली म्हणून तें दिसलें. अशा पोथ्यांच्या शेवटीं लेखनस्थळ येतें, आणि लिपिकार आपल्या गांवाचें नांव संस्कृत करून लिहितो. मंगरूळचा लिपिकार मंगलपुर लिहील. मांगरोळचाही तेंच लिहील. पोथी श्वेतांबर कीं दिगंबर, गच्छ कोणता कीं गण कोणता, लिपीचें वळण गुजराती कीं दक्षिणी, विक्रम संवत् आहे कीं शक, यांवरून दोहोंतील निवड करावी लागते. जिल्ह्यांतील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या क्षेत्राविषयीं हाच प्रश्न विद्वानांपुढें आला आहे. विद्यानंदाच्या नांवावर असलेल्या श्रीपुर-पार्श्वनाथ-स्तोत्रांतील श्रीपुर हेंच शिरपूर, यावर एकमत नाहीं. श्रीपुर नांवाचीं गांवें छत्तीसगडांत आहेत, खानदेशांत आहेत, कर्नाटकांतही होतीं. श्रद्धावंतांचा कौल एक असतो व लेखांचा पुरावा निराळा असूं शकतो, आणि दोहोंचा मान राखून लिहितां येतें.

शेवटीं कागद हातीं आल्यावर काय पहावें तें सांगतों. नांवाच्या खालीं-वर परगणा, सरकार, घाट यांचा उल्लेख आहे काय तें प्रथम शोधावें. तो नसेल तर चतुःसीमा पहावी. मंगरूळपीर तालुक्यांत आसेगांव, शेलूबाजार, वनोजा, तऱ्हाळा, धानोरा हीं गांवें आहेत. यांतील एकाच नांवावर भिस्त ठेवूं नये. आसेगांव अमरावती जिल्ह्यांत पूर्णेकडेही आहे व धानोरे तर गांवोगांव आहेत. पण वनोजा आणि तऱ्हाळा अशीं दोन गांवें एका कागदांत मंगरुळाबरोबर आलीं तर निर्णय झाला असें समजावें. तेंही नसेल तर देशमुख, देशपांडे, काजी यांचीं नांवें व शिक्के उतरून घ्यावे, आणि त्याच रुमालांतील इतर कागदांशीं ताडून पहावे. यासाठींच रुमाल फोडूं नये. एकेक सुबक कागद निवडून विकत घेण्याची संग्राहकांत पडलेली संवय फार नुकसानीची आहे. ज्या रद्दीवजा हिशेबाच्या बंदावर कोणी पैसा देत नाहीं त्यावरच परगण्याचें नांव असतें. कागदावर स्वतः कांहीं लिहूं नये, क्रमांक सुद्धां शिसपेनीनें वेष्टनावर घालावा, आणि मंगरूळ कोणतें याविषयीं आपलें मत असेल तें निराळ्या चिठीवर, आपलें नांव व तारीख घालून, कागदाशेजारीं ठेवावें.